हातचं राखणारी ताई

माझी थोरली बहीण कपडे ऑल्टर करायची. घट्ट झालेले सैल करायचे, सैल झालेले आत घ्यायचे, फाटलेल्याला मूळचं वाटेल असं रफू करायचं. दवाखान्यासमोरच्या इमारतीत जिन्याखाली तिची खोली होती. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. स्टुलावर कायम कपड्यांचा ढीग, त्यामुळे गिऱ्हाईक उभंच.

कपडा हातात आला की आधी ती तो उलटा करायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड किती दडवलंय ते अंगठ्याने चाचपायची. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. "माया आहे, होईल," नाहीतर "मायाच सोडली नाही हो, कुठून वाढवू?" एवढंच बोलायची.

तिच्या स्वतःच्या दिवसाला तेव्हा कुठेच माया नव्हती. सकाळी सातला शटर वर जायचं ते रात्री दहाला खाली यायचं. "ताई, उद्या मुलाखत आहे." "ताई, संध्याकाळपर्यंत हवंय." ती सगळ्या गल्लीचीच ताई होती आणि 'नाही' हा शब्द तिला शिकवलाच नव्हता कोणी. जेवण मशीनवर, एका हाताने. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. माझं शिक्षण तिनेच केलं, मी पोस्टात लागलो तेही तिच्या जिवावर. तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायला कोणाला सवड नव्हती आणि तिला तर नव्हतीच.

बाबा तिच्याजवळ राहायचे. आयुष्यभर एका गोदामात वजनकाट्यावर कारकून होते. शेवटच्या वर्षी त्यांना फारसं दिसेनासं झालं होतं. एका सोमवारी सकाळी ती निघताना ते म्हणाले, "तुझ्याकडे एक काम आहे माझं. अर्धा तास लागेल."

"रविवारी बघू हं, बाबा."

"रविवारी," ते म्हणाले.

असे तीन रविवार गेले. प्रत्येक रविवारी कोणाचं ना कोणाचं काहीतरी अडलेलं असायचं. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

ते काम काय होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. ताईने त्यांची ट्रंक उपसली, कपाटातले कागद पाहिले, जुन्या कोटांचे खिसे उलटे केले. गोदामातल्या त्यांच्या एका सोबत्याला जाऊन विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. काही सांगायचं होतं, काही लिहून घ्यायचं होतं, की नुसतं शेजारी बसवून घ्यायचं होतं? मी म्हटलं, "काही विशेष नसेल गं." ती म्हणाली, "विशेष नसेल, म्हणूनच तर जास्त लागतंय."

माणूस अशा वेळी बदलतो असं म्हणतात. ताई बदलली नाही. उलट दुप्पट काम घ्यायला लागली, घरी जायला नको म्हणून. वर्षभर तिने स्वतःला घाण्याला जुंपल्यासारखं राबवलं. मग एका दुपारी मशीन चालू असताना तिचा डोळा लागला आणि सुई नखातून आरपार गेली. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुटलेली सुई काढली, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "बोट तीन आठवड्यांत बरं होईल. पण चालत्या मशीनवर झोप लागते म्हणजे तुमच्या अंगात आता काही उरलेलं नाही. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही."

ते तीन आठवडे ती घरी झोपून होती. पहिले दहा दिवस म्हणे नुसती झोपलीच.

परत आली तेव्हा तिने शटरवर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'दिवसाला आठच कपडे.' संध्याकाळी सहाला दुकान बंद. बुधवारी दुपारनंतर बंद. जेवण झालं की शटर अर्धं ओढून पाऊण तास आडवी व्हायची. आठव्या कपड्याची मजुरी आपली नव्हेच असं धरून ती दर शनिवारी पोस्टात माझ्याच खिडकीवर येऊन भरायची आणि पासबुकाकडे न बघता पिशवीत टाकायची.

गल्लीने खूप हसून घेतलं. तिचं नाव 'आठवाली' पडलं. कोपऱ्यावरचा केस कापणारा म्हणायचा, "मोठ्या डॉक्टरची वेळ मिळते, पण आठवालीची मिळत नाही." काही जुनी गिऱ्हाइकं गेली. ती शेफारली, असं त्यांचं म्हणणं. मीही त्यांच्यातलाच. एकदा माझ्या मुलीच्या शाळेत नाटक होतं. सैनिकांचे चौदा पोशाख आत घ्यायचे होते, चार दिवसांत. मी ताईला न विचारताच शाळेला शब्द देऊन बसलो होतो.

"सहा मी घेते," ती म्हणाली. "बाकीचे दुसरीकडे दे."

"तू सख्ख्या भाचीला नाही म्हणतेस?"

"भाचीला नाही, तुला म्हणतेय."

"कोणासाठी राखून ठेवतेस गं एवढं सगळं? नवरा आहे की मुलं आहेत?"

हे मी बोललो. तिने खडू खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रेघ मारायला लागली. सहा पोशाख वेळेवर घरी आले. पण नंतर जवळजवळ वर्षभर आम्ही धड बोललो नाही. शनिवारी ती खिडकीवर यायची, मी शिक्का मारायचो, बस.

पुढे काही वर्षांनी माझी बायको आजारी पडली. रक्ताचा आजार. उपचार बसने तीन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात होते आणि निदान पाच महिने तरी लागणार होते. तिथला नियम कडक: जवळ एकच माणूस, आणि तोही सारखा बदलायचा नाही, संसर्गाची भीती. मुलगी परीक्षेला बसलेली. माझ्या खात्यावर रजाच नव्हती. कुठे कुठे उधळली ते आठवतही नव्हतं: कोणाच्या घरबांधणीला, कोणाच्या बदलीच्या धावपळीला, निम्मी तर निव्वळ कंटाळा आला म्हणून. नोकरी सोडावी तर उपचाराचा खर्च ज्या विम्यातून होणार, तोच जाणार. मी हॉलमध्ये डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात ताई आली. हातात एक पिशवी.

"मी जाते तिच्याबरोबर," ती म्हणाली.

"अगं, पाच महिने..."

"ऐकलंय मी. दुकानाचं भाडं भरून ठेवलंय. तिथे खोली घ्यायला पासबुकात आहेत. आणि मी चांगली झोपलेली आहे, बारक्या. इतकी वर्षं झोपलेय."

"तेव्हा मी जे बोललो..."

"ते राहू दे. टॉवेल किती लागतील ते सांग."

नणंद-भावजयीचं आधी फार गूळपीठ होतं असं नाही. दोघी एकमेकींशी जपून बोलायच्या. पण नंतर बायकोने मला सांगितलं, "सगळे यायचे ते काचेपलीकडून धीर द्यायचे आणि घड्याळ बघायचे. ताईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मला ओकारी झाली, मी रडले, मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्या तिथेच बसलेल्या असायच्या."

मी रविवारी जायचो. चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी, ताईचा पोस्टात फोन आला. "बारक्या, माझं संपत आलंय. दोन दिवस तू ये."

एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. गव्हाच्या डब्याचा तळ दिसायला लागला हे सांगावं तसं. मी साहेबांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बिनपगारी रजा मागितली. तपासण्या करून रुग्णालयाने मला आत सोडलं. ताई रुग्णालयामागच्या भाड्याच्या खोलीत गेली आणि पंधरा तास झोपली.

मी बायकोजवळ बसलो. उशी सारखी केली. पाण्याची बाटली इकडची तिकडे ठेवली. नर्सला दोनदा काहीतरी विचारून आलो. शेवटी ती डोळे न उघडता म्हणाली, "तुम्हाला बसता येत नाही हो."

"सांग ना, काय करू?"

"तेच सांगतेय. काही करू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ते थोडंसं जमलं. तिचा हात हातात होता. केस गेलेले, ओठ सुकलेले. अठरा वर्षांच्या संसारात मी तिच्याजवळ इतका वेळ गप्प बसलेला मला आठवत नव्हतं.

सहाव्या महिन्यात ती घरी आली. अशक्त, पण आली. आता तपासणी दर तीन महिन्यांनी असते, आणि त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ताईचं पासबुक जवळजवळ कोरं झालं होतं. समोर एक नवा शिंपी बसला होता, झटपट करून देणारा. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे तीन कपडे आले. मी म्हटलं, "आमच्याकडे राहायला ये." ती म्हणाली, "जवळ राहीन, घरात नको. घरात आले की तू पुन्हा मला न विचारता कोणालातरी शब्द देशील." चुकीचं म्हणाली असं मला म्हणता येईना.

हळूहळू काही गिऱ्हाइकं परतली. पासबुकात पुन्हा शनिवारचे शिक्के पडू लागले, अगदी बारीक रकमांचे. मीही रजा साठवायला लागलोय. साहेबांना त्याचं भारी नवल वाटतं.

बुधवारी दुपारी ताई आमच्या दारात येते. माझी बायको चपला घालून तयार असते. दोघी सावकाश रस्त्याच्या कडेने निघतात आणि दोन तासांनी परत येतात. हातात भाजी नसते, सामान नसतं. कुठे गेला होतात म्हणून विचारलं, तर दोघीही म्हणतात, "कुठेच नाही."