पप्पांच्या बोटांनी वाचलेला अर्ज
तापलेल्या धुळीचा वास आला की औंढ्यातलं पप्पांचं टायपिंगचं दुकान आठवतं. त्या दिवशी त्यांचा जुना कॉम्प्युटर तापून दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. त्याला टेबलफॅनचा वारा देत मी वर्षानुवर्षांचे अर्ज पेनड्राइव्हवर घेत होते, कारण त्या मसुद्यांवरच दुकान चालायचं. पप्पा नव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत पुन्हा पुन्हा विचारत होते, "आलं का समदं बराबर?" शेवटी मी ओरडले, "जरा गप बसा ना!" ते हळदकुंकू घेऊन बाजूला सरकले. शेवटची फाइल आली आणि जुना कायमचा बंद पडला. नव्यावर अर्ज उघडला, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, एकाही शब्दाला अर्थ नाही. त्या इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारा जुना फाँट घ्यायला मी विसरले होते. सगळं वाया गेलं म्हणून मी चरफडत रडायला लागले. पप्पांना इंग्रजी येत नाही. पण पडद्याकडे बघत त्यांनी टेबलावर बोटं चालवली आणि सावकाश वाचलं, "विषय, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद घेणेबाबत." कोणत्या बटणावर कोणतं मराठी अक्षर येतं, ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. "काहून रडून राहिली, माय? एवढी इंग्रजी शिकली, अन् हे वाचता येईना व्हय?" फाँट मी दुसऱ्याच दिवशी मिळवला, त्या ओरडण्याबद्दल सॉरी म्हणायचं मात्र अजून राहिलंच आहे.