शंभर माणसांमागे कॉम्प्युटरवाले किती?

आमच्या धंद्यात किस्से मागायला जावं लागत नाही. फॉर्म भरून घ्यायला गेलं की फॉर्म अर्धा हाती येतो आणि किस्सा अख्खा. फॉर्म ऑफिसात जमा होतात, किस्से माझ्याकडे.

मी पेणची. कदम सरांच्या छोट्या कन्सल्टन्सीत नोकरी करते. कुठल्या संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायला किती माणसं, त्यावर खर्च किती, आणि बाकीच्या लहानमोठ्या ठिकाणी किती, हे ताडून बघायचं. सर त्याला बेंचमार्किंग म्हणतात. माझी आई म्हणते, "लोकांच्या घरात डोकावायचा पगार मिळतो हिला."

*

गेल्या वर्षी धाटावच्या एका केमिकल कंपनीने आम्हाला बोलावलं. मालक स्वतः रोज येणारे, सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांच्या आयटी विभागात दोनच माणसं. एक म्हात्रे, खाडीकडच्या गावातले, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली. दुसरी रंजना, गागोद्याकडची, दोन एसट्या बदलून येणारी, घरात एकटी कमावती.

शेठ सरळ म्हणाले, "दोनातला एक मला जास्त वाटतो. बाकीकडे किती असतात ते बघून या. जास्त निघाला तर एकाला घरी पाठवतो."

आता गंमत बघा. ही दोघं तेव्हा त्याच केबिनमध्ये, शेठच्याच टेबलाखाली वायर जोडत बसली होती. सगळं ऐकलं त्यांनी. मला तर कुठे बघावं कळेना. म्हात्रे खालूनच म्हणाले, "शेठ, प्रिंटर चालू झाला. एक पान काढून बघा."

*

पहिला फॉर्म पेणच्या एका गणपती कारखान्याचा. तीसेक कारागीर, मूर्ती परदेशात जातात. मी कारखान्याच्या काकांना विचारलं, "कॉम्प्युटर विभागात माणसं किती?"

"सून हाय."

"पूर्ण वेळ?"

"नाय गो. आधी मूर्तीचे डोळे आखते. हात दुखला की मग कॉम्प्युटर."

ही सून म्हणजे कमाल बाई. हजारभर ऑर्डरी, प्रत्येक मूर्तीचा फोटो, उंची, कुठल्या पेटीत गेली, सगळं एका फाइलीत. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला तर? ती ब्रश न थांबवता म्हणाली, "एक प्रत दिराकडे हाय, एक माझ्या माहेरी. आणि एक दुबईच्या मंडळाकडे. इथे पाणी शिरलं तरी तिथे नाय ना शिरणार."

कदम सर खाली बघून लिहीत होते. आम्ही मोठमोठ्या ऑफिसांना हीच गोष्ट तीन मीटिंगा घेऊन समजावतो. सरांनी माणसांच्या रकान्यात "पाव" लिहिलं, कारण सून चौथा हिस्सा वेळ देते. काका वाकून बघत म्हणाले, "पाव? तिला दाखवू नका हां, माझं जेवण बंद होईल."

*

रोह्याच्या एका शाळेत चाळीस कॉम्प्युटर आणि आयटीची माणसं शून्य. पण चाळीसच्या चाळीस चालू! सांभाळतो कोण? तर शाळेचे शिपाई, गायकर मामा.

मामा रोज सकाळी कॉम्प्युटरांची हजेरी घेतात. खरीखुरी, पुठ्ठ्याच्या कॅटलॉगमध्ये. प्रत्येक मशीनला रोल नंबर. चालू झालं की हजर, नाही तर गैरहजर, आणि पुढे कारण. मी पानं चाळली. "नंबर सतरा, ताप. पंखा साफ केला, दुपारी हजर."

"मामा, हे शिकलात कुठे?"

"मास्तर लोक पोरांचं करतात ते बघतो ना मी. पोरगं रोज दिसलं नाय तर कळतं, तसं मशीनचं."

मी सरांना म्हटलं, मामांना एक माणूस धरा. सर म्हणाले, पद शिपायाचं आहे, रकान्यात शून्यच येणार. मी गाडीत बसेपर्यंत भांडले. कारण माझ्या डोक्यात धाटाव होतं. मामांसारखा एकेक भला माणूस शून्यात गेला की शेठच्या कंपनीतली दोन माणसं आणखी जास्त दिसणार होती. आणि मी मात्र जाईन तिथे कौतुक करत सुटले होते.

*

कोलाडला हायवेवरचं हॉटेल. बिलं, ऑनलाइन ऑर्डरी, कॅमेरे, सगळं झकास. मालकांना विचारलं, देखभालीचा वर्षाचा खर्च किती?

"मेव्हणा येतो पनवेलवरून. आला की मटण करतो."

"आणि नाही आला तर?"

"येतो हो. बायको फोनवर सांगते, मटण केलंय म्हणून."

सरांनी ते वार्षिक करारात धरलं.

*

सगळ्यात मोठी जागा धाटावमधलीच दुसरी कंपनी. आयटीत चौदा जणं. तिथले साहेब भले माणूस, स्वतः गेटपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "आमच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे. अडलं की मी तुमच्या शेठकडच्या त्या म्हात्र्यांना फोन करतो. रविवारी पण येतात. पैसे घेत नाहीत."

मी लगेच पेन काढलं. साहेब घाबरले. "अहो, लिहू नका. माझी चौदा माणसं आहेत."

*

शेवटी रिपोर्ट द्यायचा दिवस आला. आमच्या फॉर्मला एक जोडपत्र असतं. विभागातल्या कामांची यादी, आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करतं त्याचं नाव. ज्याने त्याने वेगळं बसून भरायचं, सही करायची, पाकीट बंद. म्हात्रे आणि रंजनाची पाकिटं मी वाटेत गाडीत उघडली.

बारा कामं होती. म्हात्र्यांनी बाराही कामांपुढे लिहिलं होतं, "रंजना." रंजनाने बाराही कामांपुढे लिहिलं होतं, "म्हात्रे सर."

मला दोघांना धरून बडवावंसं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. एक जायचा होता, आता दोघंही जाणार. सरांना म्हटलं, हे कागद राहू द्या. सर म्हणाले, "सही आहे त्यावर. जसं आहे तसं ठेवायचं."

केबिनमध्ये सरांनी आकडे वाचले. बाकीच्यांशी ताडून बघता एक माणूस जास्त निघत होता. म्हात्रे आणि रंजना भिंतीला टेकून उभी होती. मग सरांनी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

शेठनी एक वाचला. दुसरा वाचला. पहिला परत वाचला. चष्मा काढून दोघांकडे बघितलं. मग फोन उचलून त्यांनी एचआरच्या जोश्यांना आत बोलावलं.

"जोशी, आयटीसाठी एका माणसाची जाहिरात काढा."

जोशी गोंधळले. "शेठ, आपण तर एक कमी करणार होतो."

"होतो. पण ही दोघं लिहून देतायत की आम्ही काहीच काम करत नाही. मग कामाला तिसरा नको?"