दोघांत दुसरी आलेली मोटार

साताऱ्यातली प्रत्येक जुनी मोटार मूळची कुणा सरदाराची असते आणि सांगलीतली प्रत्येक संस्थानातली. सामान्य माणसाने विकत घेतलेली जुनी मोटार मला आजवर भेटलेली नाही. आमची काळी, उघड्या टपाची मोटारसुद्धा खानदानीच होती, असं नवऱ्याला ती विकणाऱ्या कोरेगावच्या दलालाने शपथेवर सांगितलं होतं. शिवाय घाटातल्या शर्यतीत ती पहिली आली होती म्हणे.

नवरा धरणावरचा इंजिनियर. नोकरीत असताना सांगलीतल्या विश्रामबागेतल्या आमच्या दारात सकाळपासून माणसं उभी असायची, "साहेब, जरा विचारायचं होतं." निवृत्तीनंतर महिन्याभरात दार ओस पडलं. आता त्याला प्रश्न विचारणारी मी एकटीच, आणि तोही "दूध आणलंत का?" एवढाच. म्हणून ती मोटार आली तेव्हा मी फार कटकट केली नाही. केली, पण बेताची.

यंदा साताऱ्यात जुन्या मोटारींचं प्रदर्शन ठरलं. संयोजकांचा नियम असा, की ज्या गाडीला शर्यतीचा इतिहास तिला पुढची रांग, मालकाला दोन मिनिटं माइक. इतिहास नसेल तर मागे, जिलबीच्या स्टॉलपाशी. नवऱ्याने ते इतकं मनावर घेतलं, की त्याच मोटारीतून आम्ही इतिहास शोधायला निघालो.

कोरेगावात दलालाने आधीच्या मालकाचं घर दाखवलं. तिथले गृहस्थ चहा पाजून म्हणाले, "आमी गाडी इकली न्हाई बरं का. दिली." आमच्या भागात जमीन, म्हैस, मोटार कुणी विकतच नाही, नुसती देतात. पैसे आपोआप येतात. शर्यतीचं विचारल्यावर म्हणाले, "पयला नंबर! आमच्या आज्याला वडूजवाल्यांनी सांगितलेलं. त्यांचीच हुती तवा."

वडूजला गेलो. बांगड्यांच्या ठोक व्यापाऱ्यांचं जुनं मुसलमान घर. घरातल्या सर्वांत वयस्क आजींना हाताला धरून ओट्यावर आणलं. त्यांनी मोटारीच्या दारावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"शर्यत? लागली हुती की. माज्या सासऱ्यानी लावली, जत्रंत. बैलजोडीसंगं."

"बैलांबरोबर?" नवरा म्हणाला.

"व्हय. मी नवी नवरी, आत बसलेली. नांगरटीत रुतली बघा ही! बैलं गेली म्होरं. मंग त्याच बैलांनी माघारी येऊन हिला वडून काढली. लय हसली माणसं."

"मग पहिला नंबर?"

"बैलांचा. हिचा दुसरा."

"आणखी किती जण होते?"

"दोघंच की रं, लेकरा!"

आणि सरदार? मोटार मिरजेच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. तो वजनाने इतका वाढला, की दारातून आत शिरेना, म्हणून दिली. इथेही दिलीच.

विट्याला नवऱ्याने गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घातलं. मग म्हणाला, "साताऱ्याहून वडूजला विचारायला कोण जातंय?" आणि सांगलीत शिरताच पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: घाटातील शर्यत, प्रथम क्रमांक. धरणाच्या भिंतीतला केसभर तडा ज्याने कधी कुणाच्या दबावाखाली झाकला नाही, तो हा माणूस. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ती पाटी तो स्वतःच्या गळ्यात अडकवत होता, मोटारीच्या नव्हे. पण मी बोलले नाही. घरात अबोल्याने जेवढं कळतं तेवढं बोलण्याने कळत नाही.

प्रदर्शनात आमची गाडी पुढच्या रांगेत लागली. शेजारच्या पाट्या वाचत गेले. त्याच घाटातल्या त्याच शर्यतीत आणखी चार गाड्या पहिल्या आलेल्या होत्या. घाट फारच रुंद असला पाहिजे. एकेक मालक माइकवर आजोबांचा पराक्रम सांगत होता आणि लोक मोबाइलमध्ये डोकं घालून जिलबी खात होते.

आमची पाळी आली. नवऱ्याने माइक घेतला, पाटीकडे बघितलं, घसा खाकरला.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "आमची गाडी एकदाच शर्यतीत उतरली. बैलांबरोबर. दोघांत दुसरी आली."

जिलबी खाणाऱ्यांनी मोबाइलमधून डोकी वर काढली. मग हशा पिकला. त्याला हसतायत असं वाटून मी त्याच्याकडे निघाले. संयोजक माइक घ्यायला धावले, तेवढ्यात मागून एक फेटेवाला ओरडला, "आवं सायेब, बैलं कुटल्या गावची हुती?" दुसऱ्याला नांगरट आडवी होती की उभी ते हवं होतं. तिसरा म्हणाला, बैलांनी ओढली तेव्हा दोर कुठे बांधला, दाखवा. बघता बघता गाडीभोवती कोंडाळं जमलं. नवरा बोनेटपाशी वाकून दोर कुठे बांधला असेल ते दाखवत होता. त्याचं त्यालाही ते माहीत नव्हतं, पण इंजिनियरच तो, काढलं गणित.

दुपार टळली. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. मी कोंडाळ्यातून वाट काढत आत गेले आणि म्हटलं, "अहो, चला आता. जेवणाची वेळ टळून गेली."

त्याने मान वर न करताच मला हाताने थोपवलं.

"थांब गं जरा. हे विचारतायत."