नको म्हणणाऱ्याच्या ताटात

मेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅनडात, ब्रॅम्पटनला, दारातला बर्फ उपसत होते. मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालहून तिचा नवरा विवेक बोलत होता. "शुभा, संपलं गं सगळं," एवढंच म्हणाला. फोन खिशात टाकून मी पुन्हा फावडं उचललं... दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याला आता काही आठवडे झाले. राग मात्र उतरत नाही. तिच्यावर काढावा तर ती नाही, देवावर काढावा तर तो ऐकत असेल असं मला वाटत नाही.

आम्ही दोघी मॉन्ट्रियलला मास्टर्स करायला आलो. मी पुण्याची, ती नागपूरची, खोली एकच. माझं बरं चाललं होतं. तिच्या वर्गात मात्र सगळी कुजबुज आणि हसणं फ्रेंचमध्ये. पहिल्याच हिवाळ्यात मेधा मिटत गेली. फोनकार्ड संपलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. "दिवसभर कोणी नावानं हाक नाही मारत बे इथं," म्हणायची. कॉलेजात एक सेवाभावी फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांचं मंडळ, होती. नाव भारदस्त, कामं साधी : बेघरांना जेवण वाढायचं, म्हाताऱ्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा. नव्या मुलांनी एक टर्म उमेदवारी करायची, मग जुने सभासद ठरवणार, घ्यायचं की नाही. आम्ही दोघींनी नावं दिली. माझी ती हौस होती. तिचं तसं नव्हतं. "यांनी नाही घेतलं तर मी पागल होऊन जाईन, शुभा," ती म्हणाली, आणि मला तिची भीती वाटली.

पहिलीच पंगत एका चर्चच्या बेसमेंटमध्ये. मेधाच्या हातात रश्श्याचा डाव. एका म्हाताऱ्यानं ताटावर हात आडवा धरला, "नॉन, मेर्सी." मेधानं हसून त्याचा हात अलगद बाजूला केला आणि आणखी एक डाव वाढला! आपल्याकडे पहिलं नको कोण मनावर घेतं? म्हातारा ताट ढकलून, काहीतरी ओरडत निघून गेला. नव्या मुलांना शिकवणारी इसाबेल तिला बाजूला घेऊन म्हणाली, "ही सेड नो, मेधा. त्यांच्याजवळ आता नाही म्हणणं तेवढंच उरलंय. पुन्हा असं झालं तर वी कान्ट कीप यू."

वॉशरूममध्ये ती ओक्साबोक्शी रडली. "मी तर मायेनं वाढून राहिली होती ना..." त्यानंतर आमच्या खोलीत तालीम सुरू झाली. मी ताट घेऊन बसायचे आणि नको म्हणायचे, तिनं डाव मागे घ्यायचा. टर्मअखेरीस मेणबत्त्या लावून निवड झालेल्या एकेकाचं नाव पुकारलं, कॉलरला पिन लावली. स्वतःचं नाव ऐकून मेधा इतकी रडली की इसाबेललाच तिला धरून उभं राहावं लागलं. पुढे लग्न होऊन ती लव्हालला स्थिरावली. तिच्या घरून मराठी पाहुणे अर्धपोटी परतायचे, कारण ती एकदाच विचारायची. आम्ही त्यावरून तिला फार छळलं.

शेवटची भेट तिच्याच घरी झाली. डॉक्टरांनी हात टेकले होते, अन्न सुटलं होतं. मी मऊ भात तूप घालून कालवला. "एक घास?" ती म्हणाली, "नको." मी वाटी खाली ठेवली. ती उशीवरून माझ्याकडे बघत राहिली.

"एकदाच विचारून राहिली का बे?"

मग मी विचारलं. पुन्हा विचारलं. हनुवटी धरली, माझ्यासाठी घे गं म्हणून हातापाया पडले. तिनं तोंड उघडलं... गिळता आलं नाही. मी ओठ पुसले आणि परत घास केला. विवेकनं शेवटी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

आता घरी भात कालवला की मी मुलासमोर घास धरते. तो म्हणतो, "आई, आय सेड नो." मला थांबता येत नाही.