वीस तारखेचा पाव

शहराच्या बिशान भागातल्या त्या हॉटेलच्या दारातच लोण्यात परतलेल्या कोळंबीचा घमघमाट आला आणि माझं डोकंच फिरलं. काकांना जाऊन वर्ष झालं, श्राद्ध नको असं ते बजावून गेलेले, म्हणून मित्रमंडळींनी बुफे ठेवला होता. तारीख तेवढी काकांची, वीस. ‘एपिक्युरियन माणूस! खाण्यापिण्याचाच कार्यक्रम शोभेल ना,’ संयोजक हसत म्हणाले. अहो, त्या माणसाला तुम्ही ओळखत तरी होतात का?

जहाजावर इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेले काका बुकित बातोक या उपनगरात आमच्याच ब्लॉकमध्ये राहत. दर वीस तारखेच्या संध्याकाळी ते ब्लॉकखालच्या टेबलाशी पाव, पाणी आणि चीजचा एवढासा तुकडा घेऊन बसत. येईल तो मित्र. अथेन्सच्या बागेत राहणाऱ्या त्यांच्या ग्रीक गुरूची, म्हणजे मूळ एपिक्युरियन मंडळी महिन्याच्या विसाव्या दिवशी अशीच जमत म्हणे. पोटात भूक नाही, मनात देवाचा की मरणाचा धाक नाही आणि शेजारी मित्र आहे, झालं सुख! इतकं साधं सांगणाऱ्यांना सुखापेक्षा सद्गुण मोठा मानणाऱ्या विरोधी स्टोइकांनी खादाड, बाहेरख्याली ठरवलं, गुरूच्या नावावर अश्लील पत्रंसुद्धा खपवली. आपल्याकडे चार्वाकांचं तरी वेगळं काय झालं? ग्रंथ गेले, उरली ती विरोधकांनी केलेली टिंगल. मला याची भयंकर चीड येते.

टेबलाशी पुण्याचे एक आयटी मॅनेजर नेमाने येत. पक्के स्टोइक. ‘सुखामागे लागलेला माणूस संकटात पळ काढतो, काका,’ म्हणत ते भांडण उकरून काढत. काका शांतपणे पाव मोडून त्यांच्या हातात ठेवत. ‘आधी खा, मग हरव.’

ताटाला हातही न लावता मी बुफेतून निघाले, एमआरटीची मेट्रो पकडली, वाटेत पाव आणि चीज घेतलं. टेबलाशी पोचले तर मॅनेजर आधीच एकटे बसलेले.

‘तुम्ही नाही गेलात जेवायला?’

‘छे!’ ते उसळलेच. ‘वर्षानुवर्षं भांडलो मी काकांशी. पण ते जे बोलायचे त्याच्याशी. जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी कधी घातलं नाही.’

माणूस गेल्यावर त्याचा विचार कुणाच्या हाती पडेल, याची काही शाश्वती नाही. कधीकधी तो कौतुक करणाऱ्यांपेक्षा भांडणाऱ्याकडेच सुखरूप राहतो.

सवयीने मॅनेजर म्हणाले, ‘सुखामागे लागलेला माणूस...’ आणि थांबले. समोरची जागा रिकामी होती.

मी पाव मोडला, त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, ‘आधी खा, मग हरवा.’