कुंकू लावलेला सिलिंडर

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चारला आमच्या घरातला एकुलता एक भरलेला सिलिंडर निकामी झाला. तो केला मायनं, आणि तेही माझं ऐकून.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परतूरकडच्या एका जिनिंगमध्ये उमर काढली. रुईची धूळ छातीत साचत गेली आणि आता नाकाला ऑक्सिजनची नळी लावल्याशिवाय त्यांना चार पावलंही जमत नाहीत. घरात विजेवर चालणारं मशीन आहे, त्यावर ते असतात. बाहेर पडायचं तर खांद्याला अडकवायच्या पिशवीत मावणारा छोटा सिलिंडर लागतो. तसे दोन आहेत. ते भरून आणायला आष्टीहून जालन्याला जावं लागतं, आणि ते काम माझं. भरलेला एक सिलिंडर अण्णांना दोन तास पुरतो.

सिलिंडर भरून देणारा माणूस दर खेपेला तेच बजावतो, "ताई, जाळ जवळ आणायचा न्हाई, अन् तेलाचा हात तर बिलकुल लावायचा न्हाई. सिलिंडरच्या तोंडाला तेल आसंल अन् तुम्ही चावी खोलली, तर भडका झाला म्हणून समजा." मी मान हलवून निघते. शाळेत विज्ञान शिकवते मी, मला काय सांगतो हा? घरी येऊन मायला जाळाचं मात्र दहादा सांगितलं. निरांजन, उदबत्ती, चूल, सगळं अण्णांपासून लांब. तेलाचं सांगितलंच नाही. माय कशाला सिलिंडरला हात लावते, अशी माझी समजूत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागच्या दसऱ्याला अण्णा दवाखान्यात होते, त्यांचं सीमोल्लंघन चुकलं. यंदा गणपती उठल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. गावाच्या शिवेवर जायचं, आपट्याचं पान घ्यायचं, वापस यायचं. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरच्या धारेवर तासभराची परवानगी दिली. मी आदल्या दिवशी जालन्याला जाऊन एक सिलिंडर भरून आणला. दुसऱ्यात थोडा गॅस उरला होता, म्हणून तो तसाच ठेवला. आळस, दुसरं काय!

चार वाजता अण्णा धोतर नेसून, टोपी घालून, मशीनची नळी नाकात घेऊन खुर्चीत बसले होते. शेजाऱ्याची रिक्षा झेंडूच्या माळा लेवून दारात उभी होती. मी नवा सिलिंडर घ्यायला आतल्या खोलीत गेले आणि जागेवरच थबकले. देवापुढच्या पाटावर विळा, कात्री, मायच्या शिलाई मशीनचं चाक आणि त्यांच्या रांगेत तो सिलिंडर. गळ्यात झेंडूची माळ, आणि पितळी तोंडाभोवती लालभडक, चकचकीत कुंकू.

"माय, हे काय केलंस?"

"पूजा केली. समद्या हत्यारांची करतेत तशी. ह्यांचा जीव त्याच्यावर हाय, मंग त्याला न्हाई पुजायचं?" आणि माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "दिवा न्हाई लावला गं! तू सांगितल्तं ना. उदबत्ती बी न्हाई. नुसतं कुंकू लावलं."

"कशात कालवलंस?"

"तेलात. कोरडं गळून पडतंय."

 मी वाकून बघितलं. तेल तोंडाच्या फटीत उतरलं होतं. पुसून काढता येईल का? वरून पुसलं जाईल, आतलं कसं पुसणार? आणि तिथंच रेग्युलेटर बसवून मी चावी फिरवणार होते, अण्णांच्या मांडीपासून हातभर अंतरावर. मी मायवर ओरडले. नको ते बोलले. खरं म्हणजे ते सगळं मला स्वतःला बोलायचं होतं, पण समोर ती होती. ती कुंकवाची बोटं पदराला पुसत उभी राहिली.

अण्णांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. "दुसऱ्यात किती हाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्यावर रेग्युलेटर बसवलेलाच होता. काटा लाल पट्ट्याच्या जरा वर. फार तर अर्धा तास. रिक्षानं शिवेपर्यंत दहा मिनिटं, यायला दहा. "जमणार नाही अण्णा," मी म्हणाले. ते मायकडे बघत होते. "जमतंय. चल," म्हणाले आणि मशीनची नळी काढून हात पुढे केला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी नळी लावली, दोनवर धार ठेवली आणि घड्याळ बघितलं.

शिवेवर पोचलो तर आपट्याची पूजा सुरूच झाली नव्हती. देवीची पालखी अजून गावातच होती. सोयाबीन काढलेल्या रानात माणसं घोळक्यानं उभी होती. ज्याला त्याला अण्णांना भेटायचं होतं, आणि अण्णा रिक्षात बसून एकेकाला हात जोडत होते. माझे डोळे काट्यावर. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. काटा लाल पट्ट्यात शिरायला हवा होता, तो जागचा हलेना. बिघडला की काय? मी वाकून पिशवीत बघितलं. धारेचं बटण एकच्याही खाली होतं.

अण्णांचे ओठ जांभळट दिसत होते. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवत होतं.

"अण्णा! हे तुम्ही फिरवलं?"

"हळू बोल." त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. "आसंच वापस गेलो आस्तो... तर तुझी माय म्हणली आस्ती... माझ्यामुळं ह्यांची शीव राह्यली." परत थांबले. "ती जल्मभर धरून बसती. तुला म्हाईत न्हाई ती."

मी बटण दोनवर नेलं. मला संताप आला होता, आणि रडूही येत होतं. या दोघांच्या मध्ये मी, माझं विज्ञान आणि माझं घड्याळ, आमची कुणाचीच गणती नव्हती. तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. पालखी आली, पूजा झाली. अण्णांनी रिक्षातून एक पाय शिवेपलीकडे टेकवला, मुठीत चार पानं घेतली आणि मी शेजाऱ्याला म्हणाले, "दादा, आता पळव."

गल्लीच्या वळणावर नळीतली सुरसुर थांबली. काटा शून्यावर. दारापासून मशीन बारा पावलांवर होतं, ती मी सकाळीच मोजली होती.

आणि उंबऱ्यात माय ताट घेऊन उभी. शीव ओलांडून आलेल्या माणसाला ओवाळल्याशिवाय घरात घेत नाहीत. ताटात कोरडं कुंकू, अक्षता, सुपारी. निरांजनाची जागा रिकामी. तिचं तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. "माय, सरक, त्यांना आत..." मी म्हणाले, पण अण्णांनी माझा हात दाबला. ते उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले, नाकात गॅस नसलेली नळी घेऊन. मायनं ताट ओवाळलं. एकदा. दोनदा.  तिसऱ्यांदा ओवाळून तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

तिनं पान मुठीत धरलं आणि खाली बघतच विचारलं, "पुरला का हो?"

"उरला," अण्णा म्हणाले.

तिनं खात्रीसाठी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी छातीशी धरून सिलिंडरचा काटा माझ्या पोटाकडे वळवला होता.

"हो माय," मी म्हणाले, "उरला." आणि अण्णांना मशीनकडे घेऊन गेले.