पिचकाऱ्यांचे फोटो काढणारे बापू

ज्या भिंतीजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, तिच्यासमोर बापू डोक्यावर टोपी घालून, मोबाइल धरून उभे राहत. पानाच्या पिचकाऱ्या, गुटख्याचे ओघळ, मुतारीकडची हिरवी ओल, सगळे समोरून, सरळ टिपत. मला शिसारी यायची. अजूनही येते.

शाहूपुरीतली गुळाची अडत मुलाच्या हाती सोपवून बापूंनी संगणकावर विमान उडवायचा नाद धरला होता. आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना तोच नाद. त्या खेळात कोल्हापूर म्हणजे नुसते रान. म्हणून बापू गावातली एकेक इमारत संगणकावर स्वतः बांधत आणि तिच्यावर खऱ्या भिंतीचा फोटो चढवत. निदान पिचकारी तरी पुसा, असे मी एकदा सुचवले. "का म्हणून? थुकायला लाज न्हाय, मग बघायला कसली?" ते म्हणाले.

त्यांच्या घरच्या पडद्यावर गाव रंगीत दिसे. पेन ड्राइव्हवर घालून माझ्याकडे आणले की पांढरेफटक. "बापू, गावाला चुना कुणी लावला म्हणायचा?" असे कुणीतरी विचारी आणि आम्ही चहा सांडेपर्यंत हसत असू. बापू घरी जात, इमारती पुन्हा बांधत, पुन्हा आणत. पुन्हा पांढऱ्या. एकदा चपला घालताना थांबून मला म्हणाले, "दुसऱ्याच्या पडद्यावर एकदा रंगीत दिसू दे की. घरात दिसतंय, पण तिथं मी एकटाच बघतोय."

खोट एवढीच होती की ते इमारती आणत आणि भिंतींचे फोटो घरच्या संगणकातच ठेवून येत. इमारत आपला फोटो शोधायची, तो जागेवर नसायचा. मला हे पहिल्याच दिवशी कळले होते. मी बोललो नाही. ती घाण माझ्या पडद्यावर नको होती, आणि चहाबरोबरची करमणूकही सोडवत नव्हती.

बापू वारल्यावर त्यांच्या मुलाने तो संगणक मोठ्या विश्वासाने मला दिला. मी फोटो इमारतींच्या शेजारी ठेवले आणि गाव रंगले. मग एकेक डाग पुसून काढला आणि ते चकचकीत कोल्हापूर माझ्या नावाने इंटरनेटवर चढवले. किती स्वच्छ शहर, किती बारीक काम, असे परके लोक लिहू लागले. शेवटी मी ते वाचणेच सोडले.

परवा ते काढून टाकले. बापूंचे मूळ फोटो लावून, बापूंच्या नावाने पुन्हा चढवले. आमच्यातल्या बाकी म्हाताऱ्यांनी तोंडे वाकडी केली. "काय ही घाण दाखवताय जगाला?"

एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर, पिचकाऱ्यांच्या मधोमध, एक सावली आहे. डोक्यावर टोपी, फोटो काढायला वर धरलेले दोन्ही हात. डाग पुसताना मी तीही पुसली होती.